पानांची फेरपालट आणि खेळावरचा खेळ

ब्रिज असो, मेंढीकोट असो, कीं दिवाळीच्या सुटींत मुलांनीं मांडलेला बदाम-सात असो, पत्त्यांच्या खेळांत एक गोष्ट कोणीहि बोलून न दाखवितां गृहीत धरलेली असते. ती ही कीं, पानें ठरलेलीं असतात. बावन्नांतील एकहि पान वाढत नाहीं आणि एकहि घटत नाहीं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचीं १२० पानें आजोबांच्या हातीं होतीं, तितकींच नातवाच्या हातीं येतात. वांटून आलेल्या पानांचा उपयोग कसा करावा, एवढेंच काय तें कौशल्य. प्रत्येक खेळाडूनें आपलीं पानें घरूनच निवडून आणावीं, आणि कोणतीं पानें आणणें नियमास धरून आहे तें दर वर्षीं बदलत जावें, असें जर कोणीं सुचविलें, तर बैठकींतील मंडळी त्यास खेळ बिघडविणारा म्हणून उठवून लावतील. परंतु जगांतील लक्षावधि माणसें आज ह्याच रीतीनें खेळत आहेत; आणि जुनीं पानें बाद करण्याचा नियम हा त्या खेळाचा दोष नसून प्राण आहे, असें त्यांतील जाणत्यांचें मत आहे. त्या प्राणाची किंमत कोण देतो, हा त्याच प्रश्नाचा दुसरा, आणि अधिक अडचणीचा, भाग होय.

ह्या पद्धतीचा मूळ खेळ म्हणजे 'मॅजिक: द गॅदरिंग'. त्याचा जनक रिचर्ड गारफील्ड हा गणिताचा अभ्यासक. वस्तूंची मांडणी किती प्रकारांनीं करतां येते ह्याचा विचार ज्या शाखेंत होतो, त्या शाखेंत त्यानें पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट १९९३ सालीं मिळविली. त्यापूर्वीं, १९९१ सालीं, 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' ह्या लहानशा प्रकाशनसंस्थेचा चालक पीटर अ‍ॅडकिसन ह्याजकडे तो आपला एक निराळाच खेळ घेऊन गेला होता. तो छापणें संस्थेच्या ऐपतीबाहेरचें होतें. खेळांच्या मेळाव्यांत लोक दोन कार्यक्रमांच्या मध्यें ताटकळत बसतात. त्या वेळांत खेळतां येईल व सहज बरोबर नेतां येईल असें कांहीं करून आणा, असें अ‍ॅडकिसननें सुचविलें. गारफील्डनें आणलें तें हें.

खेळाचें स्वरूप थोडक्यांत असें. दोन खेळाडू म्हणजे दोन मांत्रिक. प्रत्येकापाशीं २० प्राणांक असतात. प्रत्येकानें आपला स्वतःचा जोड बांधून आणावयाचा. स्पर्धेंत तो निदान ६० पानांचा असावा आणि साध्या भूमीच्या पानांखेरीज एका नांवाचीं चारांहून अधिक पानें त्यांत नसावीं, असा दंडक लवकरच पडला. भूमीच्या पानांतून शक्ति मिळते, ती खर्चून प्राणी, मंत्र व आयुधें मांडावयाचीं, आणि प्रतिपक्षाचे वीस प्राणांक शून्यावर आणावयाचे. प्रत्येक पानावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो. तो आणि खेळाचा मूळ नियम ह्यांत विरोध आला तर पानाचाच नियम चालतो. सर्व गोम येथें आहे. नवें पान आलें म्हणजे नुसता एक मोहरा वाढला असें होत नाहीं. एक कायदा वाढतो. हीं पानें बंद पुडक्यांतून विकत, आरंभीं एका पुडक्यांत पंधरा. आंत काय आहे तें पुडकें फोडल्याविना कळत नसे, आणि कांहीं पानें मुद्दामच दुर्मिळ छापलेलीं असत.

ऑगस्ट १९९३ च्या सुमारास २९५ प्रकारचीं मिळून सुमारें २६ लक्ष पानें बाजारांत आलीं आणि हां हां म्हणतां संपलीं. गारफील्डची अपेक्षा अशी होती कीं, माणूस चारदोन पुडकीं घेईल, शेजाऱ्यापाशीं एखादें अपूर्व पान पाहून चकित होईल, आणि एकंदर पानें आहेत तरी किती हें एका गांवांत कोणासच पुरतें ठाऊक असणार नाहीं. 'ब्लॅक लोटस' नांवाचें पान कांहींएक मोबदला न घेतां शक्तीचे तीन अंश हातीं ठेवतें. असलें पान सबंध पंचक्रोशींत एकापाशींच असेल तर बिघडतें कोठें? परंतु माणसें पेट्याच्या पेट्या घेऊं लागलीं. ज्याच्यापाशीं पैसा त्याच्या जोडांत असलीं सगळीं पानें जमलीं, आणि गणितज्ञाचा मनुष्यस्वभावाविषयींचा अंदाज पार चुकला.

डिसेंबर १९९३ मध्यें अरबी कथांवर आधारलेली ७८ नव्या पानांची पहिली पुरवणी निघाली. पुढील वर्षांत आणखी चार निघाल्या. आतां दुहेरी पेंच पडला. नव्यानें येणाऱ्या माणसास जुनीं बलवान् पानें मिळेनात, कारण त्यांची छपाई बंद झाली होती. आणि नव्या पुरवणीचें पान जुन्याहून बलवान् केलें नाहीं तर जुना खेळाडू तें घेणार नाहीं. केलें, तर त्याच्या पुढचें त्याहूनहि बलवान् करावें लागणार. ही चढाओढ कोठें थांबावयाची? जानेवारी १९९५ मध्यें प्रकाशकांनीं तोडगा काढला तो स्पर्धांचे दोन वर्ग करून. पहिल्या वर्गांत आजवरचीं बहुतेक सर्व पानें चालावीं. दुसऱ्यांत मूळ खेळाची चालू आवृत्ति आणि अगदीं ताज्या दोन पुरवण्या एवढींच चालावीं; नवी पुरवणी आली कीं मागची एक बाहेर जावी. ह्या दुसऱ्या वर्गासच पुढें 'स्टँडर्ड' हें नांव पडलें, आणि पुढील अनेक वर्षें खेळाचा मुख्य प्रवाह त्यांतून वाहिला.

आतां हा नियम प्राणभूत कां म्हणावयाचा हें समजण्यास स्पर्धेंतील एक गोष्ट ध्यानांत घ्यावी लागेल. स्पर्धेंत उतरणाऱ्याचा पहिला डाव घरींच खेळला जातो. कोणता जोड न्यावा? ह्याचें उत्तर केवळ आपल्या जोडाच्या बळावर अवलंबून नसतें. बाकीचे लोक काय आणणार ह्यावर असतें. आणि बाकीचेहि नेमका हाच विचार करीत असतात. ह्यास तिकडे मेटागेम म्हणतात; मराठींत 'खेळावरचा खेळ' म्हटल्यास अर्थ उतरेल. हा शब्द पत्त्यांच्या दुकानांत जन्मलेला नाहीं. संघर्षाचें गणित मांडणाऱ्या निजेल हॉवर्ड ह्यानें १९७१ च्या आपल्या ग्रंथांत तो वापरला होता, आणि तेथें प्रश्न पानांचा नव्हता, परस्परांच्या चाली ओळखून वागणाऱ्या पक्षांचा होता.

श्रोत्यांनीं क्षणभर कल्पना करावी कीं, जोडांच्या तीनच जाती आहेत. एक चपळ: लहान प्राणी भराभर मांडून चारपांच पाळ्यांत प्रतिपक्षास संपविणारा. दुसरी चिवट: समोरच्याचें प्रत्येक पान निष्फळ करीत त्यास दमविणारा. तिसरी जुळणीची: दोनतीन विशिष्ट पानें हातीं येईतों वाट पाहून एकाच घावांत डाव संपविणारा. चिवट जोड चपळास शंभरांत साठ वेळां हरवितो, जुळणीचा चिवटास साठ वेळां, आणि चपळ जुळणीच्यास साठ वेळां; समानांच्या लढतींत पन्नास-पन्नास. आतां समजा, एका रविवारीं स्पर्धेस शेंकडा ५० लोक चपळ, ३० चिवट आणि २० जुळणीचा जोड घेऊन आले. हिशेब केल्यास चिवट जोडाची जिंकण्याची शक्यता शेंकडा ५३ येते, चपळाची ४९, जुळणीच्याची ४८. चिवट जोडवाले बक्षिसें घेऊन जातात. ही बातमी पसरली कीं पुढच्या रविवारीं चिवट ५० झाले, चपळ २५ उरले आणि जुळणीचे २५ झाले. पुन्हां हिशेब करावा. आतां जुळणीचा जोड ५२॥ वर आहे, चिवट ५० वर, आणि परवांचा बहुसंख्य चपळ ४७॥ वर. मध्यंतरीं पान एकहि बदललें नाहीं. बदलली ती फक्त माणसांची एकमेकांविषयींची समजूत.

खऱ्या स्पर्धेंत जाती तीन नसून दहापंधरा असतात. शिवाय प्रत्येकास १५ राखीव पानें ठेवतां येतात, आणि तीन डावांच्या सामन्यांत पहिल्या डावानंतर तीं आंत घेऊन जोडाचें रूप पालटतां येतें. ह्या राखीव पंधरांत माणूस कोणास भितो तें स्पष्ट दिसतें. असल्या विचारांतून कधीं कधीं टाकाऊ समजलेल्या पानांसहि दिवस येतात. १९९६ सालीं अटलांटा येथील एका पात्रतास्पर्धेंत पॉल स्लाय नांवाचा खेळाडू, जे श्नायडर ह्यानें आंखलेला एक तांबड्या पानांचा जोड घेऊन वर आला. त्यांतील प्राणी पाहून लोक हंसले होते. परंतु पहिल्या पाळींत एका मोलाचें, दुसरींत दोन मोलांचें, अशा क्रमानें एकहि पाळी फुकट न घालवितां पानें पडत, आणि भारी पानांचा भरणा केलेले जोड सावरण्यापूर्वींच डाव संपे. सुटें पान बलवान् कीं दुबळें हा प्रश्न तेव्हांपासून गौण झाला. साठ पानांची चाल कशी पडते हें पाहूं लागले.

तथापि वर मांडलेल्या तीन जातींच्या हिशेबांतच ह्या खेळावरच्या खेळाचें मरणहि दडलेलें आहे. प्रत्येक जातीचे लोक सारखे, म्हणजे एकतृतीयांश, झाले कीं तिहींचीहि शक्यता बरोबर ५० येते. मग काय आणावें ह्यास महत्त्व उरत नाहीं. हा शांत मृत्यु होय. दुसरा मृत्यु जुलमाचा: एखादा जोड असा निघतो कीं तो तिघांनाहि हरवितो, आणि मग जो तो तोच आणतो. साठा मर्यादित असला कीं कांहीं महिन्यांत दोहोंपैकीं एक गति ठरलेली. बुद्धिबळाच्या इतिहासांत अशी भीति पूर्वीं बोलून दाखविली गेली आहे. आरंभींच्या चाली इतक्या अभ्यासिल्या गेल्या कीं उस्तादांचे डाव बरोबरींतच सुटतील, म्हणून कापाब्लांकानें मोठा पट व नवे मोहरे सुचविले. आणि बॉबी फिशरनें १९९६ सालीं ब्वेनोस आइरेस येथें, मागल्या रांगेंतील मोहरे दर डावास चिठ्ठ्या टाकून मांडण्याची पद्धत जाहीर केली. बुद्धिबळ जें क्वचित् आणि अनिच्छेनें करूं पाहतें, तें हा पानांचा खेळ नियमानें दर वर्षीं करतो.

शेतकऱ्यास हें तत्त्व समजावून सांगावें लागणार नाहीं. एकाच रानांत वर्षानुवर्षें तेंच पीक घेतलें तर जमिनीचा कस जातो तो जातोच, पण त्या पिकावरची कीडहि तेथें घर करते. म्हणून पिकांची फेरपालट. येथें कीड म्हणजे अमुक पानांपुढें दुसरें कांहीं चालत नाहीं हें सर्वांस झालेलें ज्ञान. जुनीं पानें गेलीं कीं हें ज्ञान निरुपयोगी होतें, आणि दहा वर्षें खेळलेला व दहा महिने खेळलेला दोघेहि पहिल्या आठवड्यांत सारखेच अंधारांत चांचपडतात. लोक समजतात कीं ह्या खेळांत नवीं पानें विकलीं जातात. वास्तविक विकली जाते ती अनिश्चितता.

आणि ती विकणारा कोण? जो पानें छापतो तोच. जो पानें बाद करतो तोहि तोच. न्यायाधीश आणि दुकानदार एकाच अंगरख्यांत वावरत असल्यावर संशयास जागा राहणारच. फेरपालट खेळाच्या आरोग्यासाठीं आहे कीं गल्ल्याच्या, हा प्रश्न १९९५ पासून आजतागायत विचारला जात आहे, आणि दोन्हींसाठीं आहे, हेंच त्याचें प्रामाणिक उत्तर दिसतें. तरी खेळाडू हा सौदा पत्करतात, कारण त्याची मुदत आधीं जाहीर असते. आज घेतलेलें पान अमुक वर्षाच्या अमुक ऋतूपर्यंत मान्य आहे हें त्यास ठाऊक असतें. नाटकाच्या तिकिटाप्रमाणें तो त्या मुदतीचे पैसे मोजतो. सौदा मोडतो तो मुदतीपूर्वीं पान बाद होतें तेव्हां.

असा प्रसंग २००५ च्या मार्चमध्यें आला. ऑक्टोबर १९०३ नव्हे, २००३ ची 'मिरॉडिन' नांवाची पुरवणी धातूच्या यंत्रांची होती. तींतील कित्येक पानांचा नियम असा कीं, पटावर जितकीं यंत्रें अधिक तितकें पुढचें पान स्वस्त. आणि त्यांतच भूमीचीं कांहीं पानेंहि यंत्रांत मोजलीं जात. परिणाम उघड आहे. दुसऱ्यातिसऱ्या पाळींतच पट भरून जाई आणि समोरचा हताश होई. त्या जोडास हरवितां येत नसे असें नाहीं; पण त्यास हरविण्याखेरीज दुसरा कांहीं विचार करण्यास कोणास अवकाश उरला नाहीं. अखेर एकदम आठ पानें स्टँडर्डमधून काढावीं लागलीं, त्यांत भूमीचींच सहा. साध्या फेरपालटीनें तीं त्याच वर्षाच्या शरदृतूंत जाणारच होतीं. तितके महिनेहि थांबणें प्रकाशकांस परवडलें नाहीं.

पुढें सहा वर्षें असा प्रसंग आला नाहीं, आणि आला तेव्हां तो अधिक झोंबणारा होता. फेब्रुवारी २०१० मधील 'जेस, द माइंड स्कल्प्टर' हें अतिदुर्मिळ वर्गांतलें पान शंभर डॉलरांच्या घरांत गेलें होतें, आणि जोडास तीं चार लागत. २०११ च्या वसंतांत डॅलस येथील मोठ्या स्पर्धेंत शेवटच्या आठांच्या जोडांत मिळून बत्तीस जेस होते. म्हणजे आठांपैकीं प्रत्येकापाशीं चार. १ जुलै २०११ पासून जेस आणि त्याचें जोडीदार पान 'स्टोनफोर्ज मिस्टिक' हीं दोन्ही बाद झालीं. नेहमींच्या फेरपालटीस सुमारें तीन महिने राहिले होते. येथें एक चमत्कारिक अडचण उद्भवली. प्रकाशकांनीं नवशिक्यांसाठीं नुकताच एक तयार जोड विकावयास काढला होता, आणि त्यांत दोन स्टोनफोर्ज मिस्टिक होतीं! ज्यानें तो आदल्या आठवड्यांत दुकानांतून आणला त्यास आज दारांतून परत कसें पाठवावें? म्हणून निर्णयांत अपवाद घातला गेला कीं, तो तयार जोड जसाच्या तसा खेळल्यास तीं दोन पानें चालतील. न्यायाधीश व दुकानदार एकाच अंगरख्यांत असल्याचा याहून बोलका दाखला सांपडणें कठीण. त्यांतल्या त्यांत समाधान एवढेंच कीं, दुकानदारानें गिऱ्हाइकाची लाज राखली.

फेरपालट चांगली, तर ती दुप्पट वेळां केल्यास दुप्पट चांगली व्हावी, असा तर्क २०१४ सालीं मांडला गेला. वर्षांतून एकदांच्या ऐवजीं दोनदां पानें बाद करावीं आणि एका पानाचें आयुष्य सुमारें दीड वर्ष ठेवावें, अशी योजना जाहीर झाली व २०१६ च्या एप्रिलमध्यें अमलांत आली. गणिताच्या दृष्टीनें तींत खोट नव्हती. परंतु जोड बांधणाऱ्या माणसास तो आपलासा वाटण्यास वेळ लागतो. त्याचीं खोडकर पानें कोणतीं, कोणत्या हातावर नवी पांच-सात पानें मागावीं, कोणत्या प्रतिपक्षापुढें सबुरी धरावी, हें पन्नाससाठ सामन्यांनंतर अंगवळणीं पडतें. आणि तें पडतें न पडतें तों निम्मीं पानें बाद. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्यें प्रकाशकांनीं ती योजना मागें घेतली आणि फेरपालट पुन्हां वर्षांतून एकदांवर आणली. खेळाडूंच्या कुरकुरीनें छापखान्याचें वेळापत्रक बदललें असें क्वचितच घडतें.

लागलीच पुढच्या वर्षीं एक निराळें संकट उभें राहिलें, आणि त्याचा भारताशीं दूरचा कां होईना संबंध आहे. २०१६ च्या 'कलदेश' ह्या पुरवणींतील कल्पित देश भारतीय वळणाचा होता. तें नांव मराठी कानास कसें लागतें हें सांगणें नको; फेब्रुवारी २०२५ च्या पुरवणींत त्या देशाचें नांव बदलून 'आविष्कार' असें करण्यांत आलें. त्या कलदेशांत साहीली राय नांवाची एक कारागीर स्त्री आहे. तिचें पान आपल्या एखाद्या प्राण्याची हुबेहूब नक्कल क्षणापुरती उभी करतें. जानेवारी २०१७ च्या पुढील पुरवणींत 'फेलिडार गार्डियन' नांवाचें मार्जाराचें पान आलें. तें पटावर येतांच आपल्या दुसऱ्या एखाद्या पानास क्षणभर बाहेर नेऊन पुन्हां ताजें करून आणतें. साहीलीनें मार्जाराची नक्कल केली. नकलेनें साहीलीस ताजें केलें. तिनें पुन्हां नक्कल केली. चौथ्या पाळींत पटावर अगणित मांजरें, आणि डाव खलास. ही जुळणी छापण्यापूर्वीं प्रकाशकांच्या परीक्षकांच्या नजरेंतून सुटली होती, आणि तें त्यांनीं कबूल केलें. पण बाहेरील खेळाडूंस ती तत्काळ दिसली. परीक्षक मोजके, खेळाडू लक्षावधि. आश्चर्य तें काय? २४ एप्रिल २०१७ रोजीं स्टँडर्डमध्यें कोणताहि बदल नाहीं असें जाहीर झालें, आणि दोनच दिवसांनीं तें पान बाद केल्याची पुरवणी-घोषणा निघाली. मधल्या दोन दिवसांत संगणकावर खेळल्या गेलेल्या सामन्यांचे आंकडे त्यांच्या हातीं पडले होते.

ह्या आंकड्यांनीं फेरपालटीचा काळच आखडून टाकला आहे. १९९६ मध्यें अटलांटाच्या जोडाची कीर्ति दुसऱ्या किनाऱ्यास पोंचण्यास आठवडे लागत. आज नवी पुरवणी संगणकावर आली कीं पहिल्या रात्रींच हजारों डाव खेळून होतात, जिंकलेले जोड प्रसिद्ध होतात, आणि जें रान सहा महिने पिकावयाचें तें तीन आठवड्यांत नांगरून मोकळें होतें. २०१७ सालीं तर प्रकाशकांनीं आपण स्वतः रोज प्रसिद्ध करीत असलेल्या विजयी जोडांची संख्या कमी केली, ती केवळ लोकांस उत्तर लवकर सांपडूं नये म्हणून! विद्यार्थ्यांनीं गणित फार लवकर सोडवूं नये म्हणून उदाहरणसंग्रहाचीं उत्तरें फाडणाऱ्या शिक्षकासारखेंच हें झालें.

इतर खेळांनीं काढलेल्या वाटा पाहण्याजोग्या आहेत. जपानांत १९९६ सालीं निघालेल्या 'पोकेमॉन'च्या अलीकडील पानांच्या कोपऱ्यांत एक लहान रोमन अक्षर छापलेलें असतें. स्पर्धेसाठीं जुनें अक्षर बाद झालें कीं त्या अक्षराचीं पानें गेलीं. शाळकरी मुलासहि हें पटकन् कळतें, आणि वादास जागा राहत नाहीं. उलट १९९९ च्या 'यु-गि-ओ'मध्यें फेरपालटच नाहीं. तेथें पंचवीस वर्षांपूर्वींचें पानहि चालतें. मात्र निषिद्ध व मर्यादित पानांची यादी वेळोवेळीं बदलत राहते. हा मार्ग अधिक उदार दिसतो खरा. पण तेथें जुन्यावर मात करण्यासाठीं नवीं पानें उत्तरोत्तर बलिष्ठ होत गेलीं, आणि पानांवरील मजकूर इतका दाट झाला कीं तो वाचण्यासच डोळे ताणावे लागतात. १९९४ च्या ज्या पेंचास भिऊन मॅजिकनें फेरपालट स्वीकारली, तो पेंच येथें मूर्तिमंत पाहावयास मिळतो.

बाद झालेलीं पानें मरतात मात्र नव्हे. त्यांच्यासाठीं विस्तृत वर्ग आहेत, जेथें जुनीं पानें कायम मान्य असतात, आणि घरगुती बैठकींत तर कोणाची आडकाठी नाहीं. उलट कित्येकांचें मोल वाढतें. १९९५ सालीं कांहीं जुनीं पानें पुन्हां छापलीं तेव्हां संग्राहक खवळले, म्हणून मार्च १९९६ मध्यें अमुक पानें पुन्हां कधींहि छापणार नाहीं अशी यादी प्रकाशकांनीं वचनपूर्वक जाहीर केली. त्या यादींतील ब्लॅक लोटसची पहिल्या छपाईची एक निष्कलंक प्रत जानेवारी २०२१ मध्यें ५,११,१०० डॉलरांस विकली गेली. गारफील्डनें जें पान पंचक्रोशींत एखाद्यापाशीं असावें म्हणून कल्पिलें, तें आतां खरोखरच एखाद्यापाशीं आहे. फक्त तो तें खेळत नाहीं, काचेंत ठेवतो.

मध्यंतरीं स्टँडर्डची स्वतःची प्रकृति ढासळली. प्रत्यक्ष पानें घेऊन दुकानांतून खेळणारे लोक विस्तृत वर्गांकडे व संगणकाकडे वळले, कारण तेथें घेतलेलें पान बुडत नाहीं, किंवा बुडालें तरी हातांत कांहीं उरलें असें वाटतच नाहीं. मे २०२३ मध्यें प्रकाशकांनीं पानांचें आयुष्य दोन वर्षांवरून तीन वर्षांवर नेलें, तें ह्या लोकांस परत आणण्यासाठीं. २०१६ च्या अगदीं उलट दिशेचा हा प्रयोग. त्याचा उलट परिणामहि लागलाच दिसला. साठा मोठा झाला, आणि शिवाय २०२५ सालीं एका वर्षांत सहा पुरवण्या निघाल्या. भांडार जितकें मोठें तितक्या त्यांत न पाहिलेल्या जुळण्या अधिक. तांबड्या चपळ जोडांना २०२३, २०२४ आणि २०२५ ह्या तीन वर्षांतील पुरवण्यांतून एकेक उत्तम पान मिळालें. सुटें कोणतेंहि सोसण्याजोगें होतें, तिन्ही एकत्र आल्यावर सोसेना. ३० जून २०२५ रोजीं एकदम सात पानें बाद करण्यांत आलीं, आणि हीं तिन्ही त्यांत होतीं.

ह्या सर्व घालमेलींत एक बाजू स्थिर ठेवण्याचा प्रयत्नहि झालेला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें 'फाउंडेशन्स' नांवाची एक पुरवणी निघाली. ती नेहमींच्या फेरपालटींत यावयाची नाहीं. निदान २०२९ पर्यंत तींतील पानें स्टँडर्डमध्यें मान्य राहतील असें प्रकाशकांनीं जाहीर केलें आहे. नवशिक्यानें पहिल्याप्रथम घ्यावीं अशीं साधीं पानें तींत मुद्दाम निवडलेलीं आहेत. त्यांत 'लॅनोवार एल्व्ज' हें हिरवें पान आहे: एका मोलाचा लहानसा प्राणी, जो दर पाळीस शक्तीचा एक अंश देतो, याहून कांहीं नाहीं. १९९३ च्या पहिल्या २९५ पानांत तें होतें, आणि त्यावरील नियम आजहि तोच आहे.